उत्तर नाही म्हणजे तयार

अन्याय माझ्या आईवर झाला. सुनंदा जोगळेकर, राहणार तेव्हा निशी-कसाई, तोक्यो. दसऱ्याच्या दुपारी झाला, सोनं वाटून झालं होतं आणि पानं वाढायची होती, त्या मधल्या वेळात. जागा फुनाबोरीतला भाड्याचा हॉल, आणि साक्षीला आमच्या मराठी मंडळातली झाडून सगळी कुटुंबं. पत्रकं लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मला सुरुवात अशीच करता येते: कुणावर, कधी, कुठे. कुणी केला ते पुढे येईलच. पत्रकात लाजेला जागा नसते, म्हणून पत्रक न काढता हे प्रकरण लिहायला घेतलं. लाज पुष्कळ आहे. ज्यांना ती वाटायला हवी होती ते त्या दुपारी श्रीखंड खात होते, आणि त्यांच्या वाटची ती आमच्या घरात येऊन राहिली.

आम्ही गेलो तेव्हा तोझाई मेट्रो लाइनवर आमच्यासारखी माणसं नुकती दिसायला लागली होती. बाबांच्या सॉफ्टवेअर कंपनीनं ठाण्या-पुण्यातून माणसं आणली आणि एकाच वसाहतीत घरं घेऊन दिली. तातामीच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, इतकं चिंचोळं की आई ओट्याशी उभी असली की फ्रिज उघडायच्या आधी तिला हाक मारावी लागायची. तातामीच्या चटईवर हळद सांडली ती कायमची. आईनं तिच्यावर कपाट सरकवलं, आणि घर सोडताना मालक काय म्हणेल या काळजीत बाबा वर्षानुवर्षं त्या कपाटाकडे बघत राहिले. कुकरच्या शिट्टीवरून खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा वर आल्या, खूप वाकून, खूप माफी मागून, आणि इथे काही फुटणार आहे का असं विचारून गेल्या. तेव्हापासून आई एकच शिट्टी होऊ द्यायची आणि लगेच गॅस बारीक करायची. आमचं संध्याकाळचं घर म्हणजे ती एक शिट्टी. ती झाली की वरणभात तयार, बाबा यायची वेळ, आणि मी अभ्यासाला बसल्याचं नाटक सुरू.

आई ठाण्याच्या शाळेत गणित शिकवायची. मोठ्या वर्गांना, खडू फेकून. जपानच्या व्हिसावर मात्र लिहिलं होतं की ही बाई नवऱ्यावर अवलंबून आहे. ज्या बाईला बघून पोरं जिना बदलायची ती कचऱ्याच्या पिशव्यांपुढे उभी राहून मला विचारायची, "अगं, दह्याचं झाकण जळणाऱ्यात की प्लास्टिकमध्ये?" मी तिथल्याच शाळेत जात होते, त्यामुळे उत्तर जपानीत देऊन मोकळी व्हायचे. मग ती म्हणायची, "मराठीत सांग. मला राग मराठीत येतो."

जाहिरातीचा कागद टपालपेटीत आला होता. पिझ्झा, गटारसफाई, शिकवण्या, असे कागद रोज येत आणि आई ते भाजी निवडायला वापरायची. हा तिनं बाजूला ठेवला. त्यावर चाळिशीची एक जपानी बाई होती, डोळ्यांवर मोठा चष्मा, दोन्ही हातांत काळं पिस्तूल.

"वाच काय लिहिलंय."

"पिस्तूल चालवायचा क्लब आहे. स्टेशनच्या मागेच. बायकांसाठी दुपारची वेळ आहे, पहिल्यांदा येणाऱ्यांना शिकवतात."

"खरं पिस्तूल?"

"छे. खरं इथे घरात ठेवलं तर तुरुंगात जातात. हे गॅसवरचं, खेळण्यातलं. प्लास्टिकच्या गोळ्या, साबुदाण्याएवढ्या."

"कोरड्या की भिजवलेल्या?"

मी चित्र नीट पाहिलं. "भिजवलेल्या."

त्या कागदावर त्या दिवशी मेथी निवडली गेली नाही. कॉलेजात असताना, नाशिकला, आई एनसीसीत रायफल चालवायची आणि तिला कप मिळाला होता. लग्नानंतर तो कप आजीनं हळकुंडं ठेवायला घेतला. एवढाच तिचा नेमबाजीचा इतिहास मला माहीत होता, आणि हळकुंडांचा भाग जास्त.

क्लब एका ड्रायक्लीनरच्या दुकानाखाली तळघरात होता. जिना उतरताना इस्त्रीच्या वाफेचा वास यायचा, खाली गेलं की सिलिकॉनच्या तेलाचा. चालवायचे मोरिता-सान म्हणून साठीचे गृहस्थ, आवाज इतका मऊ की गोळ्यांच्या टकटकीत तो ऐकायला जवळ जावं लागे. त्यांनी आम्हाला खेळ समजावला. तुम्ही साधे नागरिक, पिस्तूल कमरेला, कपड्याखाली झाकलेलं. यंत्राचा भोंगा वाजला की कपडा बाजूला, पिस्तूल बाहेर, आणि आडोशामागून पुठ्ठ्याच्या माणसांवर नेम. काही पुठ्ठ्यांवर पांढरा पंजा रंगवलेला असतो. ती निरपराध माणसं, त्यांना लागली तर दंड. प्रसंगही ठरवून दिलेला असतो. तुम्ही दुकानातून पिशवी घेऊन येताय आणि समोर दोघं उभे आहेत, असा काहीतरी. आईला याचं फार हसू यायचं. "या देशात बाई अंधारात एकटी पिशवी घेऊन घरी जाते, कुणी मान वर करून बघत नाही. आणि हे बिचारे हल्ल्याची तालीम करतात. तालमीला ठाण्याला या म्हणावं, स्टेशनबाहेर."

दोन गोष्टी मोरिता-सान पुन्हापुन्हा सांगत. पहिली, क्लब आणि घर सोडलं तर पिस्तूल पेटीतून कधी निघायचं नाही. दुसरी होती भोंग्याच्या आधीची. ते मागे उभे राहून विचारायचे, "योई वा ई देसु का?" तयार आहात का? तयार असाल तर काहीच बोलायचं नाही. ते थोडं थांबतात, उत्तर आलं नाही की माणूस तयार आहे असं धरतात आणि भोंगा वाजवतात. तयार नसाल तर मात्र मोठ्यानं सांगायचं, आणि रेषेवर जो उभा आहे त्यानंच सांगायचं. बाजूच्यानं सांगितलेलं चालत नाही. मी हे भाषांतर करून आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गप्प म्हणजे तयार होय? मग मी लग्नापासून तयारच आहे की."

मोरिता-सान मला विचारायला लागले आई काय म्हणाली, आणि मी सांगितलं की तिला नियम पटला.

सुरुवातीला आईचा हात रायफलवाला होता, पिस्तूल तिला हलकं आणि उथळ वाटायचं. मग तिच्या हाताला ते कळलं आणि तिनं स्वतःचं विकत घेतलं. क्लबातल्या बायका पिस्तूल झाकायला जाकिटं घालत, आणि भोंगा वाजला की त्या जाकिटाच्या कडेशी झटापट करत. आई पंजाबी ड्रेसवर गेली. कुर्त्याला बाजूनं चीर असतेच. अंगठ्यानं चीर मागे सारली की पिस्तूल हातात. मोरिता-साननी तिला ते सगळ्यांसमोर पुन्हा करून दाखवायला लावलं, आणि पुढच्या आठवड्यात दोघीजणी निशी-कसाईच्या भारतीय दुकानात कुर्ते विचारत आल्या. मी वयानं लहान, म्हणून मला कमी जोराचं पिस्तूल मिळालं. माझा नेम वाईट नव्हता. दोष दुसरा होता: पांढरा पंजा दिसायच्या आत मी चाप ओढलेला असायचा. "तुझा हात तुझ्या तोंडासारखाच आहे," आई म्हणायची. "आधी सुटतो. बघ आधी, मग मार." आजही सभेत माइक हातात आला की मला हे ऐकू येतं, आणि आजही थोडं उशिराच.

घरी ती रोज सराव करायची, रिकाम्या पिस्तुलानं, कुकर लावून. ओट्याशी उभी, हात मोकळे सोडलेले, नजर फ्रिजवरच्या कॅलेंडरवर. शिट्टी झाली की कुर्त्याची चीर मागे, हात वर, चापाचा टक् असा आवाज, आणि त्याच हातानं गॅस बारीक. बाबांना सुरुवातीला याची गंमत वाटायची. मंडळात ते सांगायचे, "आमच्याकडे भांडायची सोय राहिली नाही." लोक हसायचे. साठेकाका, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष आणि बाबांच्याच कंपनीतले त्यांचे वरिष्ठ, सगळ्यात मोठ्यानं हसायचे. क्लबाची छोटी स्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी होती आणि आईनं तिच्यात स्वतःचं आणि माझं नाव दिलं होतं. जपानमध्ये कुठल्याही कागदावर, नवऱ्याच्या नावाशिवाय, तिचं नाव लागायची ही पहिली वेळ. हे तिनं म्हटलं नाही. ती फक्त घरात गुणगुणायला लागली होती.

दसऱ्याची तयारी आमच्या मंडळात जोरात असे. आपट्याची पानं तिथे कुठली, म्हणून इचोची, म्हणजे गिंकोच्या झाडाची, पानं आणायची; इचोचं पान मधोमध फाटलेलं असतं, साधारण आपट्यासारखं दिसतं, आणि तेव्हा ते कडेनं पिवळं पडायला लागलेलं असतं. दही रात्रभर आमच्या न्हाणीघराच्या नळाला टांगलेलं. शस्त्रपूजेच्या टेबलावर दरवर्षी लॅपटॉप, विळी, सुऱ्या, कुणाचं कॅल्क्युलेटर. आदल्या रविवारी साठेकाका घरी चहाला आले होते. तेच म्हणाले, "वहिनी, मंडळात खरं शस्त्र एकट्या तुमच्याकडे. ते आणा की यंदा. लॅपटॉपला किती वर्षं फुलं वाहायची?"

"पेटीबाहेर काढायचं नाही असा नियम आहे, भाऊजी."

"पेटीसकट ठेवा. पूजाच तर आहे."

आईनं पेटीसकट ठेवलं. मॅगझीन घरी ठेवलं होतं, गॅस काढलेला, झाकण बंद, आणि तिनं झाकणावरच हळदकुंकू वाहिलं. मग ती पुऱ्या तळायला आत गेली. झाकण साठेकाकांनी उघडलं. पिस्तुलावर मूठभर कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि फेटा सारखा करून, पिस्तूल छातीशी धरून फोटो काढून घ्यायला लागले. मी तिथेच होते. मी म्हटलं, "काका, ते ठेवा, आईला विचारा आधी," आणि ते म्हणाले, "हो गं माझे आई, एक फोटो."

हॉलचे व्यवस्थापक शिमिझु-सान वर आले ते कापराच्या वासानं. हॉलमध्ये काही पेटवायचं नाही अशी पाटी होती. त्यांना निरांजन विझवायला सांगायचं होतं. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं: सुऱ्या, विळी, जळती वात, आणि फेटेवाल्या माणसाच्या हातात लालेलाल झालेलं पिस्तूल. साठेकाकांनी ते इतक्या घाईनं टाकलं की ते तांदळाच्या ताटात जाऊन पडलं. शिमिझु-साननी हळूच विचारलं, हे कुणाचं?

कुणी बोललं नाही. आई आतून आली, हाताला पीठ, आणि म्हणाली, माझं. मोडक्या जपानीत सांगायलाही लागली, खेळणं आहे, क्लब आहे, रविवारी स्पर्धा आहे, आज आमच्याकडे पूजा असते. तिला वेळ लागत होता. शिमिझु-सान कुंकवाकडे बघत होते. मला माफ करा, म्हणाले, पण पोलीस चौकीला कळवावं लागेल, आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

साठेकाकांनी बाबांकडे पाहिलं. एवढंच केलं त्यांनी. बाबा पुढे झाले. बाबांना जपानी येत नव्हतं म्हणजे पन्नासेक शब्द येत होते. त्यांतला एक त्यांनी उचलला. आईकडे बोट दाखवून म्हणाले, "ब्योकी." आजारी. आणि मग ते बोट स्वतःच्या कपाळाशी नेऊन गोल फिरवलं.

मी ओरडले, चिगाइमास, असं नाहीये. शिमिझु-साननी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. आई बराच वेळ उभी राहिली. मग ती कमरेत वाकली आणि म्हणाली, "सुमिमासेन." माफ करा. त्या वाकण्याचा अर्थ तिथे एकच लागला. शिमिझु-सान माणूस चांगले होते. त्यांनी फोन खिशात ठेवला, आईला हळू आवाजात, तब्येतीला जपा म्हणाले, निरांजन तेवढं विझवायला सांगितलं आणि गेले.

"जोगळेकर, वेळेवर सुचलं तुम्हाला," साठेकाका म्हणाले. "चला, पानं मांडा."

आणि मग सगळे जेवले. हे लिहिताना अजून माझे कान तापतात. पुऱ्या आईनंच वाढल्या, तिचीच पाळी होती. कुणीतरी पानावरून मान वर करून म्हणालं, "मनावर घेऊ नका हं वहिनी, वेळ मारून नेली." श्रीखंड छान झालंय असंही कुणी म्हणालं. एकानंही, त्या भरल्या हॉलमध्ये एकानंही म्हटलं नाही की पिस्तूल मागवलं कुणी, उघडलं कुणी.

घरी आल्यावर आईनं वर्तमानपत्र पसरलं आणि जुन्या दातांच्या ब्रशनं पिस्तुलाच्या खाचांतलं कुंकू काढत बसली. बाबा कपडे बदलून बाहेर आले.

"अगं, एक शब्द होता. त्या माणसाला उद्या आठवणारही नाही."

"दुसरा येत होता की तुम्हाला."

"कुठला?"

"सुमिमासेन. रोज लिफ्टमध्ये म्हणता."

बाबा म्हणाले, पोलीस आले असते तर कंपनीत गेलं असतं, आणि कंपनीत गेलं असतं तर परत ठाणं. हे खरं होतं. साठेकाकांचं नाव त्यात कुठे आलं असतं का, असं मी विचारलं, तेव्हा मला अभ्यासाला बसायला सांगण्यात आलं.

त्या माणसाला उद्याही आठवलं. शिमिझु-सानना आजारी बाईची काळजी वाटली. वस्तीच्या कुठल्याशा बैठकीत त्यांना मोरिता-सान भेटले आणि त्यांनी आपुलकीनं कानावर घातलं. बुधवारी संध्याकाळी मोरिता-सान आमच्या दारात, हातात पर्सिमनच्या फळांची परडी, अंगावर कोट. त्यांना आत यायचं नव्हतं. बाबा दारात, आई त्यांच्या मागे, मी आईच्या मागे. मोरिता-सान माझ्याकडे न बघता, सोपं सोपं, एकेक शब्द सुटा करून बोलले. असं कानावर आलं आहे. क्लबात लहान मुलंही येतात, माझ्यावर जबाबदारी आहे. मी ऐकीव गोष्टीवर जाणार नाही. सुनंदा-सान, तुम्ही आजारी आहात का?

आणि ते थांबले. जसे रेषेमागे थांबायचे, तसेच, तेवढाच वेळ. तो थांबण्याचा अवधी माझ्या अंगात मुरलेला होता. मी म्हणाले, नाही, ती आजारी नाही. त्यांनी मान हलवली, पण नजर आईवरच ठेवली. बाजूच्यानं सांगितलेलं चालत नाही. आई बाबांच्या पाठीकडे बघत होती. बाबा पर्सिमनकडे बघत होते. आईला नाही म्हणायला एक शब्द लागला असता, आणि त्या शब्दानं बाबा स्वतःच्या दारात खोटे पडले असते. तो शब्द बाबांनीच म्हणायचा होता. त्यांना तो येत होता, त्या पन्नासांत होता तो. कुकरची शिट्टी झाली आणि कुणी गॅस बारीक करायला गेलं नाही.

मोरिता-सान खोल वाकले. बरं वाटेपर्यंत विश्रांती घ्या, म्हणाले. परडी ठेवली आणि जिना उतरून गेले.

रविवारी स्पर्धेला मी एकटी उतरले. आई मला सोडायला ड्रायक्लीनरच्या दुकानापर्यंत आली आणि बाहेरच्या बाकावर बसली, डब्यात दडपे पोहे घेऊन. खाली माझं नाव पुकारलं. मी रेषेवर उभी राहिले, जाकिटाखाली पिस्तूल. मागून तो मऊ आवाज आला, "योई वा ई देसु का?"

"नाही," मी म्हणाले.

ते थांबले. पुन्हा विचारलं. पुन्हा मी नाही म्हणाले. मागे बसलेली माणसं चुळबुळ करायला लागली. मोरिता-साननी हातातलं यंत्र खाली केलं आणि जवळ येऊन विचारलं, काय राहिलं आहे?

"माझी आई. ती आजारी नाही. ती वर बाकावर बसली आहे."

त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी विचारलं होतं." त्यांचा चेहरा असा होता की दारात मिळालेलं ते उत्तर त्यांनाही नको होतं. मी पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं, पेटीत ठेवलं आणि वर आले. तो माझा पहिला सत्याग्रह. त्याचा काही उपयोग झाला नाही, हे पुढच्या बऱ्याच सत्याग्रहांबद्दलही म्हणता येईल.

"झालं एवढ्यात?" आईनं विचारलं.

"हो."

"निरपराध माणसाला लागली?"

"लागली."

"नेहमीसारखी घाई केलीस," ती म्हणाली आणि डबा उघडला.

ती परत त्या तळघरात उतरली नाही. आम्ही ठाण्याला आलो, बाबांचं प्रमोशन झालं, साठेकाका पुढे ओसाकाला गेले. कपाट सरकवल्यावर हळदीचा डाग दिसला, आणि मालक काही बोलला नाही. आई आता साठीला आली आहे, शिकवण्या घेते. तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की तिचा उजवा हात अजून कुर्त्याच्या चिरेकडे जातो. मग तिथे पुसायला काही नसताना ती तो पुसते.

हे मी आत्ता का लिहिते आहे? परवा मावसभावाच्या लग्नात, पंगतीत, बाबांनी हा किस्सा सांगितला. मजेशीर म्हणून सांगितला, ते बोट गोल फिरवून सुद्धा. सगळे हसले. आईही हसली, पदर तोंडाला लावून, आणि मला त्या क्षणी सगळ्यांची मिळून इतकी लाज वाटली की मी हात धुवायला उठले.

तर मागणी. तुमच्यातले काही त्या हॉलमध्ये होते. पानावर कोण कुठे बसलं होतं ते मला आठवतं. बाकीचे नव्हते, पण अशा कुठल्यातरी पंगतीत तुम्हीही बसला आहात, आणि वाढणाऱ्या बाईकडे न बघता पुढचा घास घेतला आहे. उठा. तिच्याकडे जा. चार माणसं बसलेली असताना, मोठ्यानं, तिच्याकडे बघून सांगा की तुम्ही आजारी नव्हता आणि हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. माझी आई असेल तर तिला सांगा, दुसरी कुणी असेल तर तिला. मी इथे मागे उभी आहे. विचारून झालं आहे. थोडं थांबेन, आणि गप्प राहिलात तर तुमचं उत्तर मिळालं असं धरीन.